पाणबुडीची मॉडेले करणाऱ्यांसाठी दिवाळीची भेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा उलटला की सोलापुरातील आम्हा मोजक्या पाणबुडी-मॉडेलकारांच्या घरच्यांकडून आणि मित्रांकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांपैकी नेहमीचे प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. माझा भाऊ पाणबुडीची मॉडेले करतो. त्याला न विचारता भेट निवडता येईल का?

येईल, पण त्यासाठी त्याचे टेबल नीट पाहावे लागेल. या छंदात दोन वेगळी घराणी आहेत. एक काचेच्या कपाटात ठेवण्याची मॉडेले करणाऱ्यांचे, आणि दुसरे रिमोटवर पाण्यात बुडवून पुन्हा वर आणण्याची मॉडेले करणाऱ्यांचे. टेबलावर प्लॅस्टिकच्या भागांच्या जाळ्या, रंगांच्या बाटल्या, चिमटे आणि बारीक ब्रश दिसले, तर तो पहिल्या घराण्यातला समजावा. अॅक्रिलिकची नळी, छोट्या मोटारी, बॅटऱ्या, ग्रीसची ट्यूब आणि जवळपास कोठेतरी एक बादली दिसली, तर तो दुसऱ्या घराण्यातला असतो. पहिल्याला दुसऱ्याची भेट दिल्यास ती खोक्यातच पडून राहते, म्हणून ही एवढी खात्री आधी करून घ्यावी. दोन्ही प्रकारांना चालतील अशा वस्तू प्रश्न ४ मध्ये आहेत.

२. सरळ एखादे किट आणून दिले तर काय बिघडले?

काही बिघडत नाही, परंतु किट ही निवडण्यास सर्वांत अवघड भेट आहे. ज्याला छंद आहे त्याच्याकडे न जोडलेली किटे बहुधा आधीच माळ्यावर असतात, आणि पुढचे कोणते घ्यायचे हेही त्याने मनाशी ठरवलेले असते. तरीही किटच द्यायचे असेल, तर प्रथम प्रमाण पाहावे. ‘किलो’ या रशियन वर्गाची खरी पाणबुडी सुमारे ७२ मीटर लांब असते. तिचे १/३५० प्रमाणातील मॉडेल साधारण २१ सेंटिमीटरचे, १/१४४ मधील ५० सेंटिमीटरचे आणि १/७२ मधील मीटरभर लांबीचे होते. खोक्यावरचे चित्र सगळीकडे सारखेच भव्य असते, म्हणून कपाटाचा कप्पा टेपने मोजून मगच खरेदी करावी.

पाण्यात चालवणाऱ्यासाठी रेव्हेल कंपनीचे १/७२ प्रमाणातील जर्मन टाइप सात-सी पाणबुडीचे किट जगभर लोकप्रिय आहे. ते मुळात कपाटासाठीच बनवलेले असले, तरी त्याची सुमारे ९३ सेंटिमीटरची पोकळ काया आत जलरोधक नळी बसवण्यास पुरेशी असते. मात्र त्या खोक्यात मोटार, रिमोट यांपैकी काहीही नसते. भेट देणाऱ्याच्या दृष्टीने ते एक मॉडेल असते. घेणाऱ्याच्या दृष्टीने ते वर्षभराचे काम आणि बराच पुढचा खर्च असतो.

३. भारतीय नौदलाचीच पाणबुडी द्यावी अशी इच्छा आहे. कोणती मिळेल?

आपल्या नौदलाच्या नावाने किट शोधण्यापेक्षा वर्गाच्या नावाने शोधावे. सिंधुघोष वर्ग म्हणजे रशियन किलो वर्ग, शिशुमार वर्ग म्हणजे जर्मन टाइप २०९ चा भारतासाठीचा प्रकार, आणि डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झालेली आजची कलवरी म्हणजे फ्रेंच स्कॉर्पिन वर्ग, जी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झालेली पहिली कलवरी मात्र सोव्हिएत फॉक्सट्रॉट वर्गाची होती. नाव एकच असल्यामुळे या दोन कलवरींची गल्लत हमखास होते, आणि ज्याला फॉक्सट्रॉट हवी आहे त्याच्या हाती स्कॉर्पिन पडते.

यांपैकी किलो वर्गाची किटे सर्वांत सहज मिळतात. ट्रम्पेटर कंपनीचे १/१४४ मधील किट चांगल्या आकाराचे आहे. खोक्यात भारतीय चिन्हे असतीलच असे गृहीत धरू नये. ती वेगळी छापून घ्यावी लागतात. अरिहंतचे मॉडेल मागणाऱ्यांना मी नेहमी परावृत्त करतो, कारण तिची प्रसिद्ध छायाचित्रे इतकी थोडी आहेत की चोखंदळ माणसाला त्या मॉडेलमध्ये अंदाजपंचेच जास्त दिसेल.

४. माझे बजेट पाचशे रुपयांच्या आसपास आहे. एवढ्यात चांगले काही येते का?

येते, आणि माझ्या मते याच किमतीतल्या भेटी सर्वांत जास्त वापरल्या जातात. पाणबुडीच्या मॉडेलला विमानासारखे पंख किंवा रणगाड्यासारखे पट्टे नसतात. तिची सारी शोभा एका गुळगुळीत, लांबट कायेत असते, आणि त्या कायेच्या दोन अर्ध्या भागांतील सांधा दिसला की सगळे मुसळ केरात. तो सांधा घालवण्यासाठी पाण्यासोबत वापरायचा काळा पॉलिश पेपर सतत लागतो. ४००, ६००, १००० आणि २००० क्रमांकांचे चार-चार कागद गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सहज मिळतात. त्यांच्या जोडीला चांगली मास्किंग टेप, कटरची पाती, दोन-तीन सिरिंज, दोन नळ्यांचा इपॉक्सी आणि झटपट चिकटणारा गोंद ठेवला की भेटीचा डबा भरतो. फायबरची काया घासणाऱ्यासाठी त्यात एन-९५ मास्क अवश्य घालावा. ती धूळ फुप्फुसात जाणे बरे नाही, आणि हे लोक स्वतःहून मास्क विकत घेत नाहीत.

रंग देताना थोडे थांबावे. कोणता माणूस अॅक्रिलिक वापरतो आणि कोणता लॅकर, हे त्याच्या बाटल्या पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि एकाचे थिनर दुसऱ्याला चालत नाही.

५. "ओ-रिंग दे" असे तो म्हणतो. हे काय असते, आणि सोलापुरात कोठे मिळते?

ओ-रिंग म्हणजे गोल काटछेदाची रबरी कडी. पाण्यात चालणाऱ्या मॉडेलमध्ये मोटार, रिमोटचे संकेत घेणारा रिसिव्हर आणि बॅटरी एका बंद नळीत असतात. त्या नळीच्या टोकांच्या झाकणांवर ओ-रिंग बसते आणि पाणी रोखते. मॉडेल एक मीटर खोल गेले तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा साधारण १०० ग्रॅम जास्तीचा दाब येतो. ऐकायला तो थोडा वाटतो, पण कडीवर अडकलेला एक केससुद्धा त्या दाबाला वाट करून देण्यास पुरेसा असतो.

या कड्या छंदाच्या दुकानात शोधू नयेत. बेअरिंग आणि ऑइल सील विकणाऱ्या दुकानांत, तसेच पंपदुरुस्तीच्या सामानात त्या असतात आणि किंमत किरकोळ असते. मापे दोन सांगावी लागतात: आतला व्यास आणि कडीची जाडी. "एवढीशी" असे बोटांनी दाखवून आणलेली कडी बसत नाही. म्हणून जुनी, निकामी झालेली कडी त्याच्या डब्यातून हळूच उचलून नमुना म्हणून नेणे उत्तम. साहित्य नायट्राइल रबर हवे असे सांगावे, प्रत्येक मापाच्या दहा-बारा कड्या घ्याव्यात आणि कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीत प्रत्येक कप्प्यावर माप लिहून द्याव्यात. सोबत सिलिकॉन ग्रीसची लहान ट्यूब ठेवावी. नायट्राइलला ते चालते. कडीच सिलिकॉन रबरची असेल तर मात्र तेच ग्रीस तिला फुगवते, म्हणून त्या वेळी देऊ नये.

खर्च थोडा वाढवता येत असेल तर डिजिटल व्हर्निअर कॅलिपर द्यावा. पुढच्या वर्षी तुम्हाला नमुना चोरावा लागणार नाही.

६. हाताने बनवलेले, खास त्याच्यासाठीचे काही देता येईल का?

सोलापुरात हे इतर शहरांपेक्षा सोपे आहे. यंत्रमागांचे सुटे भाग करून देणारे लेथवाले येथे पिढ्यानपिढ्या आहेत, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात चौकशी केली तर लहानसे काम घेणारा कारागीर भेटतो. बंद नळीची झाकणे, ओ-रिंगसाठी अचूक खाच, स्टेनलेस स्टीलचा प्रोपेलर शाफ्ट, त्याची पितळी बुशिंग ही सारी लेथवरची कामे आहेत. विकतची तयार झाकणे परदेशातून मागवण्याच्या तुलनेत हे स्वस्त पडते आणि मापही हवे तसे मिळते.

परंतु येथे गुपित ठेवू नये. आराखडा त्यानेच काढायला हवा, कारण खाचेची खोली थोडी जरी चुकली तरी कडी एकतर दबत नाही किंवा कापली जाते. कार्डावर "एका लेथकामाचा खर्च माझ्याकडे" असे लिहून द्यावे. काम दिवाळीच्या दिवसांतच हवे असा आग्रह धरू नये. कारखाने बंद असतात आणि कारागीर सुटीवर असतात.

७. नवा रिमोट घेऊन दिला तर? दुकानदार म्हणतो, २.४ गिगाहर्ट्झचा सर्वांत आधुनिक आहे.

दुकानदार विमान आणि गाडीच्या बाबतीत बरोबर आहे. पाणबुडीच्या बाबतीत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जवळजवळ लगेच शोषल्या जातात, त्यामुळे मॉडेल थोडे खाली गेले की संपर्क तुटतो. २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यांतील लहरी गोड्या पाण्यात काही मीटरपर्यंत पोचतात, म्हणून हे लोक इतरांनी भंगारात काढलेले जुने रिमोट जिवापाड जपतात. पाण्यात क्षार जितके जास्त तितका पल्ला कमी. आपल्याकडच्या क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात आणि जलतरण तलावात हा फरक जाणवतो.

याला एक अपवाद आहे. काही जण मॉडेल फक्त पेरिस्कोपच्या खोलीवर चालवतात आणि अँटेना मनोऱ्यातून पाण्याबाहेर ठेवतात, त्यांना २.४ चालतो. आपल्या देशात २७ मेगाहर्ट्झचा ठरावीक पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे; इतर पट्ट्यांचे नवे उपकरण बाहेरून मागवण्यापूर्वी नियम तपासावेत. एकंदरीत, ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला न विचारता रिमोट घेऊ नये.

८. बॅटरी किंवा चार्जर भेट म्हणून ठीक आहे का?

चार्जर चांगली भेट आहे, बॅटरी त्याने स्वतः निवडावी. लिथियम पॉलिमर बॅटरीसाठी प्रत्येक सेल समान भरणारा बॅलन्स चार्जर आणि आग न लागणारी चार्जिंगची पिशवी ही जोडी उपयोगी पडते. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि पूर्ण भरलेली बॅटरी पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या गाडीत ठेवणे धोक्याचे असते. साठवताना सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवण्याची सोय चार्जरमध्ये आहे का, हे पाहून घ्यावे.

एक गोष्ट चार्जरच्या खोक्यावर ठळक लिहून द्यावी: बंद नळीत बॅटरी कधीही चार्ज करू नये. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि बंद नळीत साठलेल्या हायड्रोजनला मोटारीची एक ठिणगी पुरते.

९. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याला पाणबुडीचे वेड लागले आहे. त्याला काय द्यावे?

त्याला आधी तत्त्व कळेल असे द्यावे. पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धवट पाणी भरलेला ड्रॉपर सोडून झाकण घट्ट लावले आणि बाटली दाबली, की ड्रॉपर खाली जातो; सोडली की वर येतो. याच तत्त्वावर खरी पाणबुडी आपल्या टाक्यांत पाणी घेते आणि हवेने ते बाहेर ढकलते. दुसरा प्रयोग १९५० च्या दशकात अमेरिकेत न्याहारीच्या खोक्यांत मिळणाऱ्या इवल्या पाणबुड्यांचा आहे. त्यांच्या तळाच्या कप्प्यात बेकिंग पावडर भरली की पाण्याशी संयोग होऊन वायूचे बुडबुडे सुटतात आणि पाणबुडी वर-खाली होत राहते. नुसता खाण्याचा सोडा येथे उपयोगाचा नाही. त्यात आम्ल नसल्यामुळे साध्या पाण्यात वायू सुटत नाही.

बाजारात तळहाताएवढी रिमोटची खेळणीही मिळतात. ती टबापुरती ठीक आहेत. तळ्यावर नेऊ नयेत. किल्ला करणाऱ्या मुलाला मात्र किल्ल्याच्या खंदकात सोडायला ती जरूर द्यावीत.

१०. वस्तू नको, एखादा दिवस भेट द्यायचा आहे. सोलापुरात मॉडेल चालवायला कोठे नेता येईल?

ही फार चांगली कल्पना आहे, पण जागा जपून निवडावी. सिद्धेश्वर तलाव मंदिराभोवती आहे, तेथे भाविकांची सतत ये-जा असते आणि हिरवट पाण्यात वीतभर खालचे दिसत नाही. तो विचार मनात आणू नये. संभाजी तलाव किंवा हिप्परगा तलावावर संबंधित कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. उजनीच्या भिंतीजवळ तर कोणतेही रिमोटचे यंत्र घेऊन जाऊच नये. जलतरण तलावातले पाणी स्वच्छ असते, त्यामुळे मॉडेल खालपर्यंत दिसते. व्यवस्थापकांनी गर्दी नसलेला एखादा तास दिला तर त्याचे शुल्क भरणे हीच सर्वोत्तम भेट ठरते. पल्ल्याची मर्यादा प्रश्न ७ मध्ये सांगितली आहे.

ओळखीच्या शेतकऱ्याचे शेततळे हा आपल्या जिल्ह्यातला खास पर्याय आहे. सांगोला-पंढरपूर बाजूला डाळिंबासाठी केलेली शेततळी पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या उतारावरचा प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आणि आत घसरलेल्या पोहणाऱ्या माणसालाही दोराशिवाय वर येता येत नाही. म्हणून काठाला बांधलेला जाड दोर, हवा भरलेली ट्यूब आणि किमान तीन मोठी माणसे असल्याशिवाय जाऊ नये. मुलांना काठावर सोडू नये. आपल्याकडचा मुख्य पाऊस सप्टेंबरचा असल्यामुळे दिवाळीत पाणी गढूळ असते. कार्ड दिवाळीत द्यावे आणि दिवस डिसेंबर-जानेवारीतला ठरवावा.

११. घरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. चाचणीसाठी टाकी भेट दिली तर ते पाण्याची नासाडी ठरेल का?

पाणी फेकून न देता वापरले तर नाही. मॉडेलला दोन वेगळ्या चाचण्या लागतात. बंद नळीची गळती पाहायला २०० लिटरचे पिंप भरपूर होते: सिरिंजने नळीत थोडी हवा भरून ती पाण्यात धरली, की जेथून बुडबुडे येतात तेथे गळती असते. दुसरी चाचणी तोलाची असते आणि तिला मॉडेलपेक्षा लांब टाकी लागते. मुलांचा हवा भरायचा टब त्यासाठी पुरतो. पृष्ठभागावर तरंगताना मॉडेलचा जो भाग बाहेर राहतो तो पाण्याखाली नेण्यासाठी वर किती ग्रॅम वजन ठेवावे लागते ते पाहतात, आणि तितक्याच मिलिलिटर पाण्याची बॅलास्ट टाकी (बुडण्यासाठी पाणी भरायची टाकी) लागते. बुडाशी शिसे आणि वर फोमचे तुकडे सरकवत मॉडेल आडवे स्थिर होईपर्यंत हा खेळ तासन्‌तास चालतो. नंतर हेच पाणी फरशी पुसण्यास किंवा झाडांना घालावे. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी चाचणी ठेवली तर घरात वाद होत नाहीत, हा अनुभवाचा सल्ला आहे.

१२. सोलापुरी टॉवेल किंवा चादर दिली तर हसतील का?

हसतील, आणि पहिल्याच फेरीनंतर वापरतील. तळ्याकाठी मॉडेल ठेवायला जुनी चादर आणि काया कोरडी करायला टॉवेल लागतोच. फक्त टेरी टॉवेलने ओ-रिंग आणि तिची खाच पुसू नये. त्याचा तंतू ग्रीसला चिकटतो आणि पुढच्या वेळी तेथूनच पाणी शिरते. त्यासाठी चष्मा पुसायचे, तंतू न सुटणारे फडके वेगळे ठेवावे.

१३. अमेरिकेतला मुलगा तिथून मागवून देतो म्हणतो. स्वस्त पडेल का?

बहुधा नाही. खेळणी आणि लहान प्रमाणातील मॉडेलांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलला पूर्वी मिळणारी ५,००० रुपयांपर्यंतची सूटही डिसेंबर २०१९ पासून राहिलेली नाही. रंग, थिनर आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या टपालात घालू नयेत. येताना सामानात आणणार असेल तर सील, लहान प्रोपेलर किंवा चिन्हांचे कागद यांसारख्या हलक्या वस्तू सांगाव्यात.

१४. त्याच्याकडे सगळेच आहे. आता काय?

विशाखापट्टणमचे तिकीट काढावे. तेथील समुद्रकिनाऱ्यावर कुरसुरा ही फॉक्सट्रॉट वर्गाची, १९६९ साली दाखल झालेली ९१ मीटर लांबीची पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे आणि आतून चालत पाहता येते. सोलापूरहून कोणार्क एक्सप्रेस थेट जाते. कायेवरची पाणी शिरण्याची भोके, प्रोपेलरची ठेवण, रंगाच्या रेषा हे सारे छायाचित्रांतून नीट समजत नाही. प्रत्यक्षाभोवती फिरताना कळते. घरच्यांनीही बरोबर जावे, पण कुरसुरासाठी पूर्ण सकाळ राखून ठेवावी, कारण तो एकाच वाल्व्हसमोर बराच वेळ उभा राहील.

१५. कोणीतरी वापरलेले, चालते मॉडेल विकत आहे. भेट म्हणून घ्यावे का?

विक्रेता तुमच्यासमोर ते पाण्यात सोडून दाखवत असेल तरच घ्यावे. बाहेर आणल्यावर नळी उघडून आत ओल किंवा पांढरे क्षार दिसतात का ते पाहावे, आणि रिमोट कोणत्या पट्ट्याचा आहे ते विचारावे (प्रश्न ७). ओ-रिंगा चांगल्या दिसल्या तरी सगळ्या बदलाव्यात.

१६. गेल्या महिन्यात त्याचे मॉडेल बुडाले ते वर आलेच नाही. दिवाळीला नवे देऊ का?

लगेच नको. बहुतेकांना आधी जुने शोधायचे असते, आणि तळ्याचे पाणी उन्हाळ्यात उतरले की ते सापडण्याची शक्यताही असते. तोपर्यंत संपर्क तुटताच बॅलास्ट टाकी आपोआप रिकामी करणारे फेलसेफ मॉड्यूल द्यावे. त्याचा रिसिव्हर कोणता होता ते मात्र विचारावे लागेल. त्याच्या जोडीला तरंगणारा लहान बोया आणि पन्नास मीटर बारीक नायलॉनची दोरी द्यावी; दोरीचे एक टोक मॉडेलला बांधून बोया वर सोडला, की पहिल्या फेऱ्यांत पाणबुडी कोठे आहे ते काठावरून दिसत राहते.